दोन मार्गारेट आणि एक धून

डंडी, १४ नोव्हेंबर

प्रिय शैला,

मी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून तू फोनवर दोन प्रश्न विचारलेस. ही चाल कुणाची, आणि तिचं नाव असं कसं? त्यांची उत्तरं फोनवर उरकण्यासारखी नव्हती. शिवाय या धुनेबद्दल मला तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि त्याचं कारण पुढे येईलच. म्हणून सवड काढून लिहायला बसले आहे. चहा घेऊन निवांत वाच.

इथल्या फिडलवाल्यांच्या वह्यांत धुनेचं पूर्ण नाव असं असतं : 'नील गाउचा, त्याच्या दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूवरचा विलाप'. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाद्यात काही फरक नाही. नाचाच्या आणि लोकांच्या चाली वाजवताना त्याच वाद्याला ही माणसं फिडल म्हणतात. नील गाउ हा त्यांच्या लेखी केवढा माणूस आहे, ते तुला कसं सांगू? स्कॉटलंडच्या कुठल्याही गावात चार फिडलवाले जमले तर त्याची एक तरी चाल वाजल्याशिवाय बैठक उठत नाही, आणि त्याला जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली.

माझ्या खिडकीतून टे नदीचं रुंद मुख दिसतं, तुला व्हिडिओवर दाखवलं होतं. त्याच नदीच्या काठाने वर पर्थ ओलांडून गेलं की डंकेल्ड नावाचं टुमदार गाव लागतं. त्याच्या समोरच्या काठावर, ब्रान नावाची छोटी नदी टेला मिळते तिथे इन्व्हर ही वस्ती आहे. गाउचा जन्म १७२७ सालचा. तो तान्हा असतानाच त्याचे आईवडील इन्व्हरला आले आणि त्याचं सारं आयुष्य तिथेच गेलं. मी तिथे गेले आहे. नदीकाठी एक जुना, प्रचंड ओक वृक्ष आहे, त्याला गाउचा ओक म्हणतात. त्याखाली बसून तो चाली बांधायचा, असं लोक सांगतात. झाडाच्या बुंध्याला हात लावला तेव्हा मला आपल्या मिरजेच्या व्हायोलिनच्या सरांची फार आठवण झाली. ते इथे असते तर तिथेच मांडी घालून बसले असते आणि वाद्य सुरात मिळवायला लागले असते.

त्याचे वडील विणकर. पट्ट्यापट्ट्यांच्या चौकटीचं जाड लोकरी कापड विणायचे, हायलँडचे, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले लोक अंगावर घेतात ते. मुलालाही त्यांनी मागावरच बसवलं होतं. पण नवव्या वर्षी त्याने फिडल हातात घेतलं आणि आपलं आपण वाजवायला लागला. तेराव्या वर्षी जॉन कॅमेरॉन नावाच्या वादकाकडे थोडं शिकणं झालं, एवढीच त्याची तालीम. मग १७४५ साली, अठराव्या वर्षी, तो एका स्पर्धेत उतरला. निवाडा करायला जॉन मक्रॉ नावाचा आंधळा वादक होता, म्हणजे कोण वाजवतंय हे दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याने गाउला पहिला नंबर दिला आणि सांगितलं की शंभर जणांत वाजवलं तरी या मुलाचा गज मी ओळखेन.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. डावा हात सगळे घोटतात, उजव्या हाताची ओळख मात्र क्वचित कुणाला मिळते. गाउचं वैशिष्ट्य सांगतात ते गज वर नेतानाच्या जोराचं. आपल्याकडे खाली येणारा गज वजनदार आणि वर जाणारा हलका, हे शरीराच्या ठेवणीमुळे आपोआप होतं. गाउचा वर जाणारा गजही तेवढाच भारी पडायचा म्हणतात, अगदी टोकापर्यंत. स्ट्रॅथस्पे नावाचा त्यांचा नाचाचा प्रकार आहे, त्यात एक आखूड आणि एक लांब अशा स्वरांचा हिसका सतत येतो. तो हिसका गजातूनच निघतो. वर जाणारा गज लेचापेचा असेल तर नाचणाऱ्याचे पाय उचलतच नाहीत. गाउ वाजवायला लागला की खोलीतलं कुणी बसून राहत नसे, असं लिहून ठेवलंय, आणि मला ते पटतं.

मागावरचं काम सोडून तो पूर्णवेळ वादक झाला. अॅथॉलच्या ड्यूकचा आश्रय होता, वर्षाला पाच पौंड ठरलेले. पर्थपासून एडिंबरापर्यंत बड्या घरच्या नाचांना त्याला बोलावणं असायचं. धाकटा भाऊ डोनल्ड चेलो घेऊन शेजारी बसायचा. डेव्हिड अॅलन या चित्रकाराने १७८० साली हायलँडमधल्या एका लग्नाचं चित्र काढलं, त्यात हे दोघे भाऊ वाजवत बसलेले आहेत. हेन्री रेबर्नने तर गाउचं एकट्याचं मोठं व्यक्तिचित्र केलं. एडिंबराच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात ते आहे. खुर्चीत बसलेला म्हातारा, हनुवटीखाली वाद्य, आणि पायांत तीच चौकटीची तुमान. कलोडनच्या लढाईत राजाविरुद्धचं बंड चिरडलं गेलं, त्यानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख करायला बंदी होती. ती १७८२ ला उठली. वडील ते कापड विणायचे, ऐन तरुणपणी मुलाला ते अंगावर घालायची चोरी, आणि उतारवयात त्याच कापडात तो देशातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारापुढे बसतो. त्या चित्रापुढून मला लवकर हलवेना.

आता धुनेच्या नावाकडे येते. गाउ आणि त्याचा मुलगा नॅथॅनिएल यांनी चालींचे संग्रह छापले. पहिला १७८४ चा, अॅथॉलच्या डचेसला अर्पण केलेला. त्या काळी संग्रह छापायचा तर बड्या लोकांनी आधी वर्गणी भरायला हवी, मग चालींना नावंही त्यांचीच. पानं उलटत गेलीस तर अमुक लेडी, तमुक मिस, फलाणी काउंटेस, त्यांचा वाडा, त्यांची स्वारी हेच दिसेल. नाचाला बोलावणाऱ्या घरची मुलगी उपवर झाली की तिच्या नावाची एखादी चाल तयार. यात गाउला नावं ठेवायचं काही कारण नाही. त्याची चूल त्यावर पेटत होती. पण या सगळ्या नावांच्या गर्दीत त्याच्या घरची बाई येते तेव्हा ती फक्त 'दुसरी पत्नी' असते. शैला, मला ते फार लागलं. म्हणून मी तिचा शोध घेतला.

तिचं नाव मार्गारेट अर्कहार्ट. पर्थची. गंमत अशी की पहिल्या बायकोचं नावही मार्गारेटच, मार्गारेट वाइझमन. इथे लग्नानंतरही कागदोपत्री बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, म्हणून दोघी वेगळ्या ओळखता येतात, नाहीतर दोन्ही मार्गारेट गाउच एकमेकींत विरून गेल्या असत्या. पहिलीला पाच मुलगे आणि तीन मुली. ती गेल्यावर १७६८ साली ही दुसरी मार्गारेट त्या घरात आली. नॅथॅनिएल तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे विल्यम, अँड्र्यू, नॅथॅनिएल आणि जॉन असे चार मुलगे फिडलवादक झाले. अँड्र्यू आणि जॉन लंडनला गेले. नॅथॅनिएल एडिंबराला वादक आणि प्रकाशक म्हणून बापाइतकाच गाजला. कोळणींच्या ताज्या हेरिंग माशांच्या आरोळ्या आणि चर्चच्या घंटा एकत्र गुंफून त्याने केलेली चाल आजही सगळ्यांना पाठ आहे. ही चारही मुलं वाढली, पहिला गज धरून करकर करत शिकली, ती तिच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. नवरा रात्र रात्र नाचाच्या मैफलीला बाहेर. घर कुणी चालवलं असेल ते तुला मी सांगायला नको.

स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स १७८७ च्या ऑगस्टअखेरीस डंकेल्डला आला होता, हायलँडच्या फेरीवर. त्याने रोजनिशीत गाउचं वर्णन केलंय : बुटका, भक्कम बांध्याचा, कपाळावर करडे केस, चेहऱ्यावर शहाणपण आणि मोकळा, भाबडा चांगुलपणा. हे वर्णन इथल्या प्रत्येक लेखात असतं. पण त्याला लागूनच बर्न्स लिहितो की त्याच्या घरी गेलो, आणि पुढे फक्त नाव : मार्गारेट गाउ. बस, एवढंच. तिच्याबद्दल विशेषण नाही, वाक्य नाही. तरीसुद्धा घरी गेलेल्या कवीला तिचं नाव टिपावंसं वाटलं. काहीतरी बोलली असेल, खायला घातलं असेल. इतर सगळ्या कागदांपेक्षा मला हे दोन शब्द जवळचे वाटतात.

आणखी एक गोष्ट. लंडनला गेलेला अँड्र्यू आजारी पडला. त्या वेळचं म्हाताऱ्याचं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की जरा हवा उबदार होऊ दे, म्हणजे त्याला समुद्रमार्गे येऊ दे. मी स्वतः एडिंबराला नाहीतर डंडीला जाऊन त्याला घरी घेऊन येईन. इथे त्याला गाईचं धारोष्ण दूध मिळेल, ताजं लोणी, कोंबडी, कशाची कमी पडणार नाही. अँड्र्यू आला, आणि वडिलांच्या घरातच गेला, १७९४ च्या सुमारास. पत्र बापाच्या नावावर आहे. पण ते दूध काढणारी, लोणी घुसळणारी आणि रात्री उशाशी बसणारी कोण असेल? तो तिचा पोटचा मुलगा नव्हता. पत्रात तिचं नाव नाही, हे मी मनाने भरतेय हे खरं, पण त्या घरात दुसरं कोण होतं सांग.

आता तुला कळलं असेल मी हे तुलाच का लिहितेय. ही धून मी पहिल्यांदा तिचा इतिहास माहीत नसताना ऐकली, इथल्या बैठकीत. नाव ऐकलं आणि लगेच माई डोळ्यांपुढे आल्या. तू सहा वर्षांची असताना त्या तुमच्या घरी आल्या. आम्ही सगळ्या जणी तेव्हा काय काय ऐकून होतो, घरोघरी बायका काय बोलायच्या! आणि त्या माई तुला शनिवारी क्लासला सोडायच्या, बाहेर पायरीवर बसून भाजी निवडायच्या आणि परत जाताना तुझ्याबरोबर माझीही व्हायोलिनची पेटी उचलायच्या. तुझी पहिली परीक्षा झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडून तुला मिरजेतून चांगलं वाद्य घेऊन दिलं. हे तू मला कॉलेजात गेल्यावर सांगितलंस. या पावसाळ्यात त्या गेल्या आणि मला येता आलं नाही. फोनवर तुला काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. नंतर या धुनेच्या मागे लागले ते खरं म्हणजे त्यासाठीच.

मार्गारेट अर्कहार्ट १८०५ साली गेली. सदतीस वर्षांचा संसार. गाउ तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. इथले लोक सांगतात की त्यानंतर त्याने फिडल बाजूला ठेवलं ते हातात घ्यायलाच तयार नव्हता. मित्रांनी खूप विनवण्या केल्या, आणि अखेर त्याने गज उचलला तेव्हा जी पहिली चाल वाजवली ती हीच. ही कहाणी तोंडोतोंडी चालत आलेली आहे, तू ती तशीच घे. पक्कं आहे ते एवढं की १ मार्च १८०७ ला तोही गेला, लिटल डंकेल्डच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, आणि धून त्याच्या मागे १८०९ साली पाचव्या संग्रहात छापली गेली, नॅथॅनिएलच्या हातून. म्हणजे ज्या मुलाला तिने पाचव्या वर्षापासून वाढवलं त्याने ती जगापुढे आणली. तिचं नाव त्याने शीर्षकात घातलं नाही, ते मला आजही खटकतं. पण धून हरवू दिली नाही, तेवढं श्रेय त्याला आहे.

गाउंच्या संग्रहांबद्दल तेव्हाही कुरबुरी होत्या. विल्यम मार्शल हा त्याच काळातला फार मोठा रचनाकार. त्याच्या चाली या लोकांनी नावं बदलून छापल्या, अशी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. गाउच्या नावावरच्या सत्तर-ऐंशी चालींतल्या काही जुन्याच, त्याने फक्त घासूनपुसून घेतलेल्या. त्यामुळे ही तरी त्याचीच का, असा प्रश्न तुझ्यासारखी चिकित्सक बाई विचारणारच. माझं मत असं की हिच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. दुसऱ्याची चाल उचलून माणूस काउंटेसच्या नावावर खपवेल. स्वतःच्या बायकोच्या मरणावर नाही खपवणार. आणि त्याचे इतरही विलाप आहेत, भावाच्या मृत्यूवरचा, एका आश्रयदात्याच्या मृत्यूवरचा. हा माणूस नाचाचा वादक असला तरी दुःखाच्या चाली बांधण्यात मुरलेला होता. १७९९ ला पीक बुडालं आणि व्हिस्की गाळायला बंदी आली तेव्हा त्या निरोपाचीही त्याने चाल केली, आणि ती चक्क सुंदर आहे.

आता वाजवण्याचं. तू म्हणालीस, "हे इतकं करुण आहे, पण कोमल स्वर कुठे गेले?" बरोबर ऐकलंस. एकही नाही. त्यांच्या भाषेत ती डी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपले सगळे स्वर शुद्ध. आपण दुःख म्हटलं की जोगिया, भैरवी, तोडी अशी कोमल रिषभ-धैवताची वाट धरतो. हा म्हातारा बिलावलाच्या उजेडात उभा राहून रडतो. मला वाटतं म्हणूनच ती इतकी आत जाते. ती हंबरडा फोडत नाही, त्या बाईबरोबरचे चांगले दिवस समोर मांडते. पहिला भाग मध्य सप्तकातच फिरतो, घरातल्या घरात. दुसऱ्या भागात ती तार षड्जाच्या वर जाते, आणि तिथे इथले कसलेले वादकसुद्धा आवाज वाढवत नाहीत, उलट गज हलका करतात. तिथे जोर लावलास तर धून बिघडेल.

ताल सहाचा, तीन-तीन. तुला दादऱ्याचं वजन धरून चालेल, फक्त फार सावकाश, ठेका ऐकू न येईल इतका. दुसरं म्हणजे वाद्य मिळवणं. आपण सा-प-सा-प मिळवतो, त्यात मधल्या दोन तारांत मध्यमाचं अंतर राहतं. यांच्याकडे शेजारच्या प्रत्येक दोन तारांत पंचम. खर्जाकडून जी, डी, ए, ई. डी हा सा धरलास तर मोकळ्या तारा येतील : मंद्र म, सा, प आणि तार रे. पहिल्यांदा हाताला चुकल्यासारखं होतं, कारण सवयीच्या जागी स्वर सापडत नाहीत. पण या धुनेपुरतं तसंच मिळव. मोकळा सा आणि मोकळा प अधूनमधून नुसता लागला तरी मागे डोनल्डचा चेलो असल्यासारखी भर येते. आणि मींड जपून. इथे ती अगदी थोडी घेतात. स्वरावर येताना एखादा कण, बास. तुझा हात मींडेचा आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे एखादी घेतलीस तर मी रागावणार नाही. तुझ्या हातून ती कशी येते ते मला ऐकायचंच आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं, सरांना हे फार आवडलं असतं. गाउ इकडे वाजवत होता त्याच सुमारास हे वाद्य आणि या चाली जहाजांतून मद्रासेत उतरत होत्या. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी तिथे व्हायोलिन आत्मसात केलं, आणि स्वतः दीक्षितरांनी आयरिश, स्कॉटिश, इंग्रजी चालींवर संस्कृत शब्द रचले, सगळे शंकराभरण या त्यांच्या रागात, म्हणजे पुन्हा आपला बिलावलच. आणि शेजारी तंजावरला आपले सरफोजी राजे १७९८ पासून गादीवर. त्यांच्या दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँड होता. मराठी बोलणाऱ्या राजाच्या दरबारात त्या वेळी फिडलच्या चाली घुमत होत्या, आणि आपण मात्र मिरजेत बसून समजत होतो की व्हायोलिन म्हणजे नाटक कंपन्यांबरोबर आलेलं वाद्य!

स्वरलिपी सोबत जोडली आहे, आपल्या पद्धतीने लिहून. दुसऱ्या भागाच्या शेवटी मी दोन पर्याय दिलेत, दोन्ही इथे वाजवतात. मला पहिला जास्त आवडतो, तो षड्जावर घाईने येत नाही.

तुझ्याकडून एक हवं आहे. आमच्या बैठकीत अशी धून सुरू करण्याआधी ती कुणासाठी ते वाजवणाऱ्याने सांगायची रीत आहे. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि मी ती माईंसाठी वाजवणार आहे. 'माझ्या मैत्रिणीची दुसरी आई' असं मला म्हणायचं नाही. त्यांचं पूर्ण नाव लिहून पाठव. लग्नात बदललेलं आणि त्याआधीचं, दोन्ही, आणि माहेरच्या आडनावासकट. उच्चार इथल्या लोकांना कठीण जाईल, पण मी आधी दोनदा म्हणून दाखवेन.

तुझ्या बाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
सुमन